आवडले, पण कशामुळे?

‘सध्या काय वाचताय?’ हा प्रश्न मराठी माणसे एकमेकांना पुन्हा मोकळेपणाने विचारू लागली आहेत. वर्षअखेरीला वाचलेल्या पुस्तकांच्या याद्या निघतात, मोबाइलवर मुखपृष्ठांचे फोटो फिरतात, गावोगावी वाचनकट्टे भरतात, कुठे पुस्तक भिशी चालते. या हालचालीचे मनापासून स्वागतच करायला हवे. पण या देवाणघेवाणीत पुस्तकाबद्दल नेमके काय सांगितले जाते, ते लक्ष देऊन ऐकले तर हाती फार थोडे लागते. अप्रतिम, खिळवून ठेवणारे, संग्रही असावे असे, नक्की वाचा. हे शब्द कादंबरीला लागू पडतात, कवितासंग्रहाला पडतात आणि गुंतवणुकीवरच्या पुस्तकालाही पडतात. जे वाक्य कोणत्याही पुस्तकाला चालते, त्यातून त्या एका पुस्तकाची ओळख होत नाही. ते सांगणाऱ्याचा उत्साह पोहोचवते, मत पोहोचवत नाही. माझे म्हणणे सरळ आहे. वाचलेल्या पुस्तकाविषयी कारण देऊन बोलणे, आवडले ते कशामुळे आणि पटले नाही ते कुठे हे पुस्तकातल्या जागा दाखवून सांगणे, याची आज मराठी पुस्तकांना सर्वांत जास्त गरज आहे. आणि हे काम समीक्षकांवर सोपवून सामान्य वाचकाला मोकळे होता येणार नाही.

गरज आजच का, हे पुस्तकांच्या व्यवहाराकडे पाहिले की कळते. हजार प्रतींची आवृत्ती ही मराठी प्रकाशनाची जुनी रीत. आता अनेक पुस्तके तीनशे-पाचशे प्रतींवरच थांबतात. इतक्या थोड्या प्रतींच्या पुस्तकाची जाहिरात कोण करणार? पुस्तकांची चांगली दुकाने मोजक्या शहरांत उरली आहेत. अनेक तालुक्यांच्या गावी शालेय पुस्तके आणि वह्यांपलीकडे दुकानात काही मिळत नाही. तिथला वाचक पुस्तक चाळून, चार पाने उभ्या उभ्या वाचून विकत घेऊ शकत नाही. तो मागवतो ते कुणाच्या तरी शब्दावर. पूर्वी हा शब्द नियतकालिकांकडून मिळे. ‘सत्यकथा’ 1982 मध्ये बंद पडले. 1964 पासून निघणाऱ्या ‘ललित’सारख्या मासिकाने ग्रंथव्यवहाराशी वाचकाला जोडून ठेवले, पण एकट्यादुकट्या मासिकाच्या खांद्यावर सगळा भार टाकता येत नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत पुस्तकांची जागा आक्रसली, आणि उरलेल्या जागेत परीक्षणापेक्षा परिचय जास्त येतो. पुष्कळदा तो परिचय म्हणजे मलपृष्ठावरच्या पाठराखणीचाच विस्तार असतो. पाठराखण प्रकाशकाच्या सोयीने लिहिलेली असते, त्यात गैर काही नाही. पण तोच मजकूर परिचयात, निवेदकाच्या भाषणात आणि वाचकाच्या संदेशात फिरत राहिला, तर पुस्तक स्वतः उघडून त्याविषयी बोललेले कुणी उरतच नाही.

वाचकाच्या मताने एखाद्या पुस्तकाचे काय होऊ शकते आणि त्याच्या अभावी काय होते, याचे मराठीतले सर्वांत बोलके उदाहरण ताराबाई शिंदे यांचे आहे. बुलढाण्याच्या या बाईंनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला होता आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर शेरे मारले जात होते. त्याला हे उत्तर होते. बायकांवर जे दोष लादले जातात ते पुरुषांत आहेत की नाहीत, हे ताराबाईंनी एकेक दोष घेऊन तपासले. पुण्यात छापलेल्या या छोट्या पुस्तकाच्या 500 प्रती निघाल्या. त्या काळच्या शिकलेल्या वर्गाने पुस्तकाची एक तर हेटाळणी केली, नाही तर दखलच घेतली नाही. अपवाद होता जोतीराव फुले यांचा. 1885 मध्ये आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि आपल्या सहकाऱ्यांनाही हे पुस्तक वाचण्याजोगे असल्याचे सांगितले. फुल्यांनी पुस्तकातला युक्तिवाद ओळखला होता. बाईमाणसाने असे लिहावे का, या प्रश्नापाशी ते अडकले नाहीत. पण असे बोलणारे आणखी दहा-वीस जण निघाले नाहीत. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला ठाऊक नाही, आणि पहिलेही जवळपास विस्मरणात गेले. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा मधे नव्वदहून अधिक वर्षे गेली होती. आज हे पुस्तक भारतातल्या स्त्रीवादी लेखनाच्या आरंभीचे म्हणून अभ्यासले जाते. मधल्या तीन-चार पिढ्यांतल्या बायकांना ते वाचायला मिळाले नाही, ही हानी कुठल्याही पुनर्मुद्रणाने भरून येत नाही. एका पुस्तकाविषयी वाचक गप्प राहिले, तर त्याची किंमत कोण चुकवते, ते इथे दिसते.

आता कारणासह मत म्हणजे काय, ते जवळून पाहू. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 ची. आजही ती वाचली जाते आणि आजही तिच्याविषयी ‘ग्रामीण जीवनाचे हृद्य चित्रण’ यापुढे फारसे बोलले जात नाही. या कादंबरीत धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर लोकांना एकत्र करून तालीम बांधून घेतो. ज्याला जे जमेल ते त्याने करायचे, अशा श्रमावर ती उभी राहते, राजाच्या हस्ते तिचे उद्घाटन होते. आणि मग दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे वाडी सोडून जातात. ‘मला ही कादंबरी आवडली, कारण मास्तरचे कष्ट फुकट गेले की नाही, याचा निकाल लेखक देत नाही, तालीम बांधताना वाडी एक झाली हे खरे आणि त्या तालमीने कुणाच्या पोटाला भाकरी दिली नाही हेही खरे, या दोन्ही गोष्टी तो शेजारी शेजारी ठेवून देतो’, असे कुणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला पुस्तकाची एक जागा मिळते. तो ती उघडून पाहू शकतो. दुसरा वाचक याच कादंबरीतला आणखी एक प्रसंग काढेल. शेकूकडे एकच बैल आहे, पेरणीची वेळ टळून चालली आहे, आणि दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जू खांद्यावर घेते. ‘प्रसंग विसरता येत नाही, पण त्या बाईच्या मनात आपण कधीच शिरत नाही. सगळे मास्तरच्या नजरेतून येते, आणि मास्तरची नजर तिच्या ताकदीने थक्क होऊन तिथेच थांबते’, अशी तक्रार हा वाचक करू शकतो. पहिला त्यावर म्हणेल, निवेदक बाहेरून आलेला अननुभवी पोरगा आहे, त्याला तेवढेच दिसणार, आणि लेखकाचा प्रामाणिकपणा तोच आहे. दोघांपैकी कुणाचे बरोबर, हे तिसरा वाचक पुस्तक वाचून ठरवील. या तिघांपैकी एकालाही साहित्यशास्त्राची परिभाषा लागली नाही. त्यांनी पुस्तक नीट वाचले आणि वाचताना जे वाटले ते कुठून आले, याचा माग काढला, एवढेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. मत देण्याचा अधिकार अभ्यासकाचा. ज्याने परंपरा वाचलेली नाही, त्याने कशाला बोलावे? अभ्यासाची थोरवी मला मान्य आहे. जाणकार समीक्षक एखादी कविता जिथे नेऊन ठेवतो, तिथे आपण आपले आपण पोहोचत नाही. पण विद्वत्ता असली म्हणजे मत नेटके येतेच, असा मराठीचा इतिहास सांगत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे त्यांच्या काळातले मोठे वाचक आणि मोठे गद्यकार. ‘निबंधमाले’तून त्यांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनावर जी टीका केली, तिचा मोठा भाग भाषा आणि व्याकरण यांच्या चुका काढण्यात गेला. फुले जे सांगत होते, त्याचा मुकाबला त्या टीकेत क्वचितच होतो. फुल्यांचे लिखाण आज कशासाठी वाचले जाते, हे पाहिले की ही चूक केवढी होती ते कळते. उलट, विद्यापीठीय समीक्षेच्या बाहेर राहून केलेल्या वाचनाने मराठीला काय दिले, याचीही उदाहरणे आहेत. सतीश काळसेकर कवी होते, बँकेत नोकरी करत होते. हाती आलेल्या पुस्तकांविषयी ते ‘आपले वाङ्मय वृत्त’ या नियतकालिकात लिहीत गेले. त्यातून झालेल्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला 2013 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एखाद्या पुस्तकावरून ते त्याच्या लेखकाकडे, तिथून दुसऱ्या भाषेतल्या पुस्तकाकडे, मग एखाद्या प्रकाशकाकडे किंवा ग्रंथविक्रेत्याकडे जातात, आणि वाचणाऱ्याला वाटते की आपणही ही वाट चालू शकतो. गोविंद तळवलकर वृत्तपत्राचे संपादक. ‘वाचता वाचता’मधून त्यांनी इंग्रजीत निघणाऱ्या इतिहास-राजकारणाच्या पुस्तकांची चर्चा मराठीत आणली आणि ती पुस्तके कधीही हाती न लागणाऱ्या वाचकाचेही जग रुंद केले. दोघांच्या लेखनात अधिकार आहे. तो सतत वाचण्यातून आणि वाचलेले तपासून मांडण्यातून आलेला आहे.

आवड ज्याची त्याची, तेव्हा मतांवर वाद कशाला, असेही म्हटले जाते. आवड खासगी असते हे खरेच. पण कारण सांगितले की ते खासगी राहत नाही, कारण पुस्तक दोघांच्याही पुढ्यात असते. ‘कोसला’ ही कादंबरी कंटाळवाणी वाटली, असे म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. कॉलेजातली पाने रेंगाळतात, पण धाकटी बहीण मनी गेल्यानंतर नायक पांडुरंगाचे बोलणे पार वेगळे होते आणि मग आधीची ती पोकळ बडबड वेगळ्या अर्थाने आठवू लागते, असे कुणी म्हणाले की बोलायला जागा तयार होते. ऐकणारा त्यानंतरही नापसंतीवर ठाम राहू शकतो. त्याला आता निदान कशाला नापसंत करायचे ते ठाऊक असते.

याहून गंभीर आक्षेप प्रकाशन व्यवहाराशी निगडित आहे, आणि तो प्रामाणिक माणसे घेतात. मराठी पुस्तक आधीच कसेबसे जगते. लेखकाला मानधन नावापुरते, प्रकाशकाचे पैसे अडकलेले. अशा वेळी वाचकांनी उणिवा दाखवल्या तर उरलीसुरली विक्रीही जाईल. त्यापेक्षा चांगले तेवढे बोलावे, बाकी सोडून द्यावे. यात माया आहे, ती मी नाकारत नाही. त्यात आणखी एक अडचण मिसळलेली असते. मराठी लेखक आपल्या ओळखीचा निघतो. तो आपल्याच गावात राहतो, आपल्या शाळेत शिकवतो, प्रकाशन समारंभाला आपणच पहिल्या रांगेत बसलेलो असतो. त्याला काय बोलणार? पण सरसकट कौतुकाचा परिणाम काय होतो, ते पाहायला हवे. तीनशे-चारशे रुपये देऊन कुणाच्या शब्दावर पुस्तक घेतलेला वाचक निराश झाला, तर तो एका लेखकावर नाराज होऊन थांबत नाही. पुढच्या वेळी तो मराठी पुस्तक घेण्यापूर्वीच विचार करतो. दुसरे नुकसान चांगल्या लेखकाचे होते. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’सारख्या, धरणाने उठवलेल्या माणसांकडे आणि त्यांच्या जनावरांकडे इतक्या जवळून पाहणाऱ्या कादंबरीलाही तेच विशेषण मिळणार असेल, जे घाईने खरडलेल्या पुस्तकाला काल मिळाले, तर त्या विशेषणाने खोत यांच्या पदरात काहीच पडत नाही. साहित्य अकादमीने 2023 मध्ये त्यांचा गौरव केला. पण पुरस्कार वर्षातून एकाच पुस्तकाला मिळतो, आणि बाकीच्या चांगल्या पुस्तकांना वाचकाच्या बोलण्याशिवाय आधार नसतो. शिवाय लेखकालाही खरे ऐकायचे असते. नव्या लेखकाला त्याची कथा शेवटी कुठे सैल पडली, ते सांगणारा एक वाचक भेटला, तर त्याच्या दुसऱ्या संग्रहाला त्याचा उपयोग होतो. हारतुऱ्यांचा होत नाही.

सर्वांत अवघड अडथळा भीतीचा आहे. ऐतिहासिक कादंबऱ्या, थोर पुरुषांची चरित्रे, संतांविषयीचे लेखन यांबद्दल खुले मत द्यायला वाचक कचरतो. पुस्तकातली उणीव दाखवली की ती त्या थोर व्यक्तीचीच निंदा समजली जाईल, ही धास्ती खोटी नाही. वाचकाला एकट्याने या धास्तीशी लढ म्हणणे मला सोपे वाटत नाही. तरीही मराठीत याचे एक भक्कम उदाहरण आहे. रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’ 1968 मध्ये आली. तिला प्रस्तावना म्हणून छापले गेले ते नरहर कुरुंदकरांनी देसायांना लिहिलेले दीर्घ पत्र. नांदेडचा एक प्राध्यापक कोवाडच्या कादंबरीकाराला लिहितो आहे आणि विषय आहे शिवाजी महाराज. महाराष्ट्रात याहून नाजूक विषय सापडणार नाही. कुरुंदकर साधनांची छाननी करतात, लोकांच्या मनात घट्ट बसलेल्या समजुतींना प्रश्न विचारतात, महाराजांकडे चमत्कार घडवणारा अवतार म्हणून न पाहता राज्य उभारणारा आणि रयतेचा विचार करणारा माणूस म्हणून पाहण्याचा आग्रह धरतात. त्यांचा आदर पानोपानी जाणवतो आणि त्यांची चिकित्साही पानोपानी चालू असते. एकामुळे दुसऱ्याला बाध येत नाही. देसायांचा मोठेपणा असा की मतभिन्नतेला जागा असलेले हे पत्र त्यांनी कादंबरीच्या दारातच ठेवले. कितीतरी वाचकांनी कादंबरीइतक्याच आवडीने ती प्रस्तावना वाचली आहे. व्यक्ती वेगळी, तिच्यावरचे पुस्तक वेगळे, हे एकदा स्पष्टपणे सांगितले आणि प्रत्येक मुद्द्याला पुराव्याची जोड दिली, की नाजूक विषयावरही बोलता येते, हे या पत्राने दाखवून दिले. तशी पत्रे आज कमी लिहिली जातात, याला वाचकांइतकेच लेखक-प्रकाशकही जबाबदार आहेत. किती प्रकाशक आज न पटलेल्या मुद्द्यांसह आलेले पत्र दुसऱ्या आवृत्तीत छापतील?

वाचकाच्या मताला घर हवे, आणि ते आपल्याकडे आधीपासून आहे: सार्वजनिक ग्रंथालय. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्याखाली हजारो ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळते आणि त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात. हे वर्ग प्रामुख्याने मोजता येणाऱ्या गोष्टींवर ठरतात: ग्रंथ किती, सभासद किती, वृत्तपत्रे आणि नियतकालिके किती. त्या ग्रंथांवर सभासद काय बोलले, याचा हिशेब त्यात येत नाही. अनुदान तुटपुंजे आहे, ते वेळेवर येत नाही, सेवकांचे पगार लाज वाटावी इतके कमी आहेत. या स्थितीत ग्रंथपालावर आणखी एक काम लादावे, असे मी म्हणणार नाही. हे काम सभासदांनी अंगावर घ्यावे. देवघेवीच्या टेबलावर एक जाड वही ठेवायला खर्च येत नाही. पुस्तक परत करताना ज्याला वाटेल त्याने तीन ओळी लिहाव्यात: कोणते पान पुन्हा वाचले, कुठे अडखळलो, काय पटले नाही. खाली दुसऱ्याने आपले उलट मत लिहावे. पुढच्या ग्रंथखरेदीच्या वेळी समितीने ती वही समोर घ्यावी. एकगठ्ठा सवलतीत मिळतात म्हणून पुस्तके घेण्याची जी सवय अनेक ठिकाणी जडली आहे, तिला त्याने आळा बसेल.

शाळांमध्ये याची सुरुवात आणखी लवकर करता येईल. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, आपण 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी मुले रांगेत बसून पुस्तक वाचतात, फोटो निघतात, एखादे भाषण होते आणि वाचनाचे फायदे सांगितले जातात. मूल वाचून उठले की त्याला पुस्तकातून काय बोध मिळाला, एवढे विचारले जाते, आणि मोठ्यांना कोणते उत्तर हवे आहे ते त्याला बरोबर ठाऊक असते. यंदा शिक्षकांनी बोधाचा प्रश्न बाजूला ठेवून प्रत्येकाला एवढेच विचारून पाहावे, की या गोष्टीत तुला काय खोटे वाटले आणि ते कोणत्या पानावर. ‘श्यामची आई’ वाचून एखादी मुलगी उठून म्हणाली, की आई श्यामला फार कठोर शिक्षा करते आणि मला ते आवडले नाही, तर तिला खाली बसवू नये. तिने पान दाखवावे, वर्गाने ते मोठ्याने वाचावे, आणि मग ज्याला आईची बाजू घ्यायची असेल त्याने हात वर करावा.